वाकलेला पलटी नांगर आणि ट्रॅक्टरचा लोअर लिंक: काय सरळ करावे आणि काय बदलावे?

प्रश्न: शेतकरी, खानापूर तालुका, जि. सांगली

सर्वांना नमस्कार.

आमची शेती विट्याच्या बाजूला माळावर आहे. टेंभू योजनेचे पाणी या भागात फिरू लागल्यापासून, जिथे पूर्वी पावसाच्या भरवशावर बाजरी आणि हुलगा एवढेच पिकत असे, त्या पट्ट्या फोडून लोक ऊस आणि फळबागा करू लागले आहेत. आम्हीही त्याच विचाराने एक वापरलेला दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर विकत घेतला. जमीन वरून मऊ दिसते, पण हातभर खाली मुरूम लागतो आणि त्या मुरमात मधूनमधून काळ्या पाषाणाचे धोंडे घट्ट बसलेले आहेत. नांगरट चालू असताना मागचा फाळ अशाच एका धोंड्याखाली अडकला आणि 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

नांगर बाहेर काढून धुतल्यावर नुकसान दिसले. मागच्या उजव्या फाळाचा उभा दांडा मागच्या अंगाला आणि थोडा बाजूलाही वाकला आहे. मुख्य बीमला मागच्या भागात बाक आला असून तो नुसत्या डोळ्यांनीही कळतो. ट्रॅक्टरचा डावा लोअर लिंक, म्हणजे नांगर ज्यावर जोडतात त्या खालच्या दोन दांड्यांपैकी डावा, बाहेरच्या बाजूला वाकला आहे. दांड्याला असलेला शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की आधी स्वतः तुटून बाकीचे भाग वाचवणारा बोल्ट, मात्र तुटलेला नाही, आणि एवढे सगळे वाकून तो बोल्ट शाबूत कसा राहिला हे मला समजलेले नाही.

गावातील लोहारकाका म्हणतात की सगळे भाग सोडवून आणा, भट्टीत लाल करून घणाने सरळ करून देतो. वेल्डिंगवाल्यांचे म्हणणे असे की सोडवायची गरज नाही, जागेवरच गॅसच्या ज्योतीने तापवून जॅक लावला की काम होते. विक्रेत्याचा सल्ला संपूर्ण फ्रेम बदलण्याचा आहे, आणि तो खर्च आम्ही नांगराला दिलेल्या किमतीच्या जवळ जातो. उसाच्या आडसाली (पावसाळ्यातील) लागणीच्या आधी रान तयार व्हायला हवे, त्यामुळे थांबून राहणे शक्य नाही, पण घाईने केलेली दुरुस्ती पुन्हा धोंड्यावर मोडावी असेही वाटत नाही. यांपैकी कोणता भाग सरळ करून वापरणे सुरक्षित आहे, कोणता बदललाच पाहिजे, काम थंड करावे की गरम, आणि भाग खरोखर सरळ झाला हे ओळखावे कसे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.


उत्तर: वर्कशॉपवाले, कराड

दादा, मोजमाप पूर्ण होईपर्यंत नांगराला ज्योत लावू देऊ नका. वाकलेल्या लोखंडात धक्का कुठून आला, किती जोराचा होता आणि कुठे जाऊन थांबला याची सगळी खूण त्या वाकण्यातच असते. एकदा तापवून घण घातला की ती खूण पुसली जाते आणि मग राहिलेली वाकडी जागा शोधण्यातच दिवस जातात. आमच्याकडे येणाऱ्या अवजारांपैकी जी खरोखर कठीण असतात ती बहुधा अपघाताने वाकलेली नसून, वाकल्यावर मोजल्याशिवाय ‘सरळ’ केलेली असतात.

पलटी नांगराच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी सोय आहे. त्याला उजवे आणि डावे असे दोन संच असतात आणि ते एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात. तुमचा मागचा उजवा दांडा वाकला आहे, पण त्याच्या समोरचा मागचा डावा दांडा धक्क्याच्या वेळी हवेत होता, म्हणून मूळ माप तुमच्याजवळच शिल्लक आहे. जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ पत्र्याचा साचा डाव्या दांड्यावर धरून कापून घ्यावा, तो उलटा करून उजव्या दांड्यावर ठेवावा, आणि फट कुठे सुरू होते व कुठे सर्वाधिक होते ते खडूने नोंदवावे. त्यानंतर बीमपासून फाळाच्या टोकापर्यंतचे अंतर चारही फाळांचे घ्यावे, आणि पुढच्या फाळाच्या टोकापासून मागच्या फाळाच्या टोकापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंचे घ्यावे. दोन्ही बाजूंच्या मापांत थोडा फरक झिजेमुळे असतो, त्यामुळे फाळ सारखे झिजलेले नसतील तर टोकाऐवजी फाळाच्या बोल्टाच्या छिद्रापासून मोजणे अधिक खात्रीचे.

बीमसाठी सूत वापरावे. बीमच्या पुढच्या न वाकलेल्या भागावर आणि मागच्या टोकावर सारख्या जाडीचे दोन ठोकळे ठेवून त्यांवरून सूत ताणावे, आणि दर अर्ध्या फुटाला सूत व बीम यांतील अंतर लिहून काढावे. हे एकदा वरून आणि एकदा बाजूने करावे. बाक मोजणे सोपे असते, पीळ मात्र नजरेतून सुटतो, आणि मागचा एकच फाळ अडकल्यावर बीमला पीळ बसण्याची शक्यता मोठी असते. त्यासाठी दोन सरळ, सारख्या लांबीच्या पट्ट्या घेऊन एक बीमच्या पुढे आणि एक मागे आडवी ठेवावी आणि मागे उभे राहून एका डोळ्याने पुढच्या पट्टीची कड मागच्या पट्टीच्या कडेशी जुळते का ते पाहावे. पट्ट्या जितक्या लांब, तितका बारीक पीळही स्पष्ट दिसतो.

हे सगळे नांगर ट्रॅक्टरपासून सोडवून, सपाट जागेवर, खाली भक्कम ठोकळे देऊन करावे. लिफ्टवर लटकलेल्या नांगराखाली कोणीही जाऊ नये, मग काम पाच मिनिटांचे असले तरी.

आता वाकण्याचा प्रकार पाहू. बाक लांबवर पसरलेला आणि गोलसर असेल, तर धातूवर कोणत्याही एका जागी फार ताण आलेला नसतो आणि तो भाग सरळ करून वापरता येतो. वाकणे एकाच ठिकाणी टोकदार असेल, आतल्या अंगाला चुणी पडली असेल, किंवा पोकळ चौकोनी बीमची भिंत आत दबली असेल, तर ती जागा सरळ केल्यावरही कमजोर राहते आणि पुढच्या धक्क्याला नेमकी तिथेच वाकते. अशा वेळी तेवढा तुकडा कापून नवा घालणे हेच खरे काम.

तुमच्या बीमचा बाक गोलसर असेल, तर तो थंड असतानाच हायड्रॉलिक प्रेसवर काढावा असे माझे मत आहे. बीम दोन आधारांवर, फुगीर बाजू वर करून ठेवावा लागतो आणि वरून थोडा थोडा दाब द्यावा लागतो. लोखंड दाब सोडल्यावर काही प्रमाणात परत येते, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावे लागते, आणि माप नेहमी दाब सोडल्यानंतरच घ्यायचे असते. एकाच दाबात सरळ करण्याचा मोह टाळावा. पोकळ बीम असेल तर दाबाखाली आणि आधारांखाली रुंद, जाड पट्ट्या द्याव्यात, म्हणजे बळ कोपऱ्यांवर उतरते आणि मधली भिंत चेपत नाही. साधा जॅक आणि साखळी वापरूनही हे जमते, पण त्यात धोका अधिक आहे. ताणलेली साखळी सुटली किंवा जॅक तिरका होऊन निसटला तर समोरच्या माणसाला वाचण्याची संधी मिळत नाही. तासवडे, पलूस आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत प्रेस असलेली वर्कशॉप मिळतील, आणि बीम गाडीत घालून तिथवर नेण्याचा खर्च इतर कोणत्याही खर्चापेक्षा कमी असेल.

लोअर लिंकविषयी मी वेगळे काही सांगणार नाही: तो बदला.

आणि शिअर बोल्टाच्या डोक्यावर काय आकडे कोरलेले आहेत ते कृपया पाहून इथे कळवा.


उत्तर: निवृत्त शिल्प निदेशक, सातारा

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे वेल्डिंग शिकवले. वर कराडच्या मित्रांनी मोजमापाविषयी जे लिहिले आहे त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही. मी केवळ धातू ओळखणे आणि तापवणे या दोन गोष्टींविषयी लिहितो, कारण बहुतेक अवजारे तिथेच बिघडतात.

एकाच नांगरात तीन-चार प्रकारचा धातू असतो. फ्रेम आणि आडव्या पट्ट्या बहुधा साध्या, कमी कार्बनच्या पोलादाच्या किंवा थोड्या अधिक ताकदीच्या पोलादाच्या असतात. उभे दांडे अनेकदा मध्यम कार्बनच्या पोलादाचे असतात. फाळ आणि त्यांची टोके उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेली असतात. काही बुश आणि ब्रॅकेट बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. रंगाखाली हे सगळे सारखेच दिसते. ग्राइंडर लावून ठिणग्या पाहिल्या तर फरक कळतो: साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि पिवळसर असतात व त्यांना फाटे कमी फुटतात, कार्बन वाढत जातो तसे फाटे वाढतात आणि ठिणगी टोकाला फुलते, बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात. शेजारी साध्या अँगलचा तुकडा ठेवून दोन्हींच्या ठिणग्या एकामागोमाग पाहिल्या तर नवख्या माणसालाही अंदाज येतो. ग्राइंडिंग कडेच्या, ताण न येणाऱ्या जागीच करावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

बीड वाकत नाही, ते मोडते. बिडाचा भाग वाकलेला दिसत असेल तर प्रत्यक्षात त्याच्या शेजारचा पोलादी भाग वाकलेला असतो, किंवा बिडाला भेग पडून ते उघडलेले असते. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली उभा राहिला आणि लोखंडी नांगर आपल्या भागात घरोघरी पोहोचला. त्या काळच्या नांगरांचे बरेच भाग ओतीव असत, आणि म्हणून जुने लोक भाग ‘मोडला’ असेच म्हणत आणि नवा भाग आणून बसवत. आजच्या ट्रॅक्टरच्या नांगरात पोलाद अधिक असल्यामुळे वाकण्याचा प्रश्न पुढे आला आहे.

आता तापवण्याविषयी. साधे पोलाद 600 अंश सेल्सिअसच्या सुमारास आपली जवळपास निम्मी ताकद गमावते, म्हणून गरम असताना ते कमी बळाने वळते. सावलीत पाहिले असता अगदी गडद लाल झाक दिसू लागते ती साधारण याच तापमानाला. साधे पोलाद सरळ करण्यासाठी 650 अंशांच्या वर नेण्याची गरज नसते. केशरी किंवा पिवळे होईपर्यंत तापवणे हे घडाईचे तापमान आहे, सरळ करण्याचे नव्हे. त्या तापमानाला बराच वेळ ठेवलेल्या पोलादाचे कण मोठे होतात आणि पृष्ठभागावर खवले सुटून जाडी कमी होते. उन्हात उभे राहून तापवणाऱ्याला रंग कळत नाही आणि तो नकळत शंभर-दीडशे अंश जास्त चढवतो, म्हणून हे काम सावलीतच करावे. तापमान दाखवणारे खडू बाजारात मिळतात. ठरावीक अंशाला त्यांची रेघ वितळते आणि रंगाच्या अंदाजावर राहावे लागत नाही.

दुसरी चूक याच्या उलट असते. भाग पुरेसा तापलेला नसताना, म्हणजे साधारण 200 ते 350 अंशांच्या दरम्यान, जेव्हा घासलेल्या पृष्ठभागावर निळसर झाक येते, तेव्हा पोलाद ठिसूळ वागते. त्या अवस्थेत घण घातला तर भेग पडू शकते. काम करावे तर पूर्ण थंड असताना करावे किंवा लाल झाकेवर करावे, आणि लाली गेली की घण थांबवावा.

तिसरी गोष्ट पाण्याची. सरळ झाल्यावर लगेच पाणी ओतण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. साध्या पोलादाला त्याने फार काही होत नाही, पण मध्यम कार्बनचा दांडा तांबडा लाल असताना पाण्यात बुडवला तर तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो आणि पुढच्या दगडाला वाकण्याऐवजी तुटतो. असा भाग कोरड्या राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश थंड होऊ द्यावा. याउलट जो भाग कारखान्यातच प्रक्रिया करून कडक केला आहे, जसे फाळाचे टोक किंवा रोटाव्हेटरची पाती, तो लाल केला की त्याचा कडकपणा जातो आणि पुन्हा तसाच आणण्याची सोय गावात नसते. ते वाकल्यास बदलावेत.

घणाशिवायही उष्णतेने बाक काढता येतो, आणि जहाजे व पूल दुरुस्त करणारे कारागीर ही पद्धत नेहमी वापरतात. बीमच्या फुगीर बाजूला रुंद आणि आतल्या बाजूला टोक येईल असा त्रिकोण खडूने आखायचा आणि ज्योत टोकापासून सुरू करून रुंद भागाकडे नेत तेवढाच त्रिकोण लाल झाकेपर्यंत तापवायचा. तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, पण भोवतीचे थंड लोखंड त्याला जागा देत नाही, म्हणून तो आतल्या आत दबून जाड होतो. थंड होताना मात्र तो आकसतो आणि रुंद बाजूला जास्त आकसल्यामुळे बीम हळूहळू सरळ होत येतो. प्रत्येक वेळी फरक थोडाच पडतो आणि दर वेळी पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे लागते. यात धीर लागतो, पण बीमला घणाचा मार बसत नाही.

सुरक्षिततेविषयी दोनच गोष्टी लिहितो, कारण त्या जीवावरच्या आहेत. दोन्ही बाजूंनी बंद असलेली नळी किंवा पोकळ बीम तापवण्याआधी त्याला छिद्र पाडावे, कारण आत साचलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते. आणि टायर बसवलेला असताना रिमला ज्योत किंवा वेल्डिंग कधीही लावू नये, टायरमधील हवा काढलेली असली तरीही नाही. आतल्या रबरापासून निघणारा वायू पेटून टायर स्फोटासारखा फुटल्याचे अपघात झालेले आहेत.


उत्तर: ऊस बागायतदार, वाळवा तालुका

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. आमच्या भागात लोअर लिंक सरळ करून वापरणारे अनेक जण आहेत, आणि सरी सोडणे, रोटाव्हेटर चालवणे ही कामे त्यावर चालतात. थोडा बाक असेल आणि लिंक प्रेसवर थंड सरळ केला असेल, तर लगेच नवा घेण्याचा आग्रह का? लहान शेतकऱ्याला प्रत्येक भाग नवा परवडत नाही आणि हंगामात तो लगेच मिळतोच असेही नाही.


उत्तर: वर्कशॉपवाले, कराड

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कोणताही भाग सरळ करायचा की बदलायचा हे ठरवताना मी तो किती वाकला आहे याच्याइतकाच विचार तो तुटला तर काय होईल याचा करतो. बीम शेतात पुन्हा वाकला तर तास वाकडा पडेल, नांगर एका बाजूला ओढेल, डिझेल जास्त लागेल. नुकसान आहे, पण कोणाच्या जीवाला धोका नाही. लोअर लिंक मात्र रस्त्याने जाताना संपूर्ण नांगराचे वजन उचलून धरतो. पलटी नांगर उचललेला असताना एक लिंक तुटला तर नांगर एका बाजूने खाली पडतो, रस्त्यात रुततो आणि ट्रॅक्टरला फिरवतो, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काहीच करता येत नाही. ऊस वाहतुकीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर किती गर्दी असते हे आपण जाणता. त्यामुळे लिंक, त्याचे चेंडूचे टोक, टॉप लिंक (नांगराला धरणारा वरचा दांडा), पिना, ट्रॉलीचा दांडा व हुक, स्टिअरिंगचे रॉड, पीटीओचा (ट्रॅक्टरमधून अवजार फिरवणारा) शाफ्ट या भागांना माझ्या वर्कशॉपमध्ये ज्योत लावत नाहीत आणि प्रेसवरही घेत नाहीत.

लिंक बहुधा घडीव पोलादाचा असतो आणि वाकताना त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडलेल्या असू शकतात. सरळ करताना त्या भेगा मिटल्यासारख्या दिसतात, पण आत तशाच राहतात आणि दर उचल-टाकीला थोड्या थोड्या वाढत जातात. ‘आमच्याकडे तर चालतो’ असे सांगणाऱ्याचा लिंक आज चालतो हे खरे आहे, पण तो उद्या चालेल हे त्याला कोणीही सांगू शकत नाही. परवडण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्यावर माझा उपाय असा की पैसे वाचवायचे ते बीमवर वाचवावेत, जिथे दुरुस्ती टिकते, आणि वाचलेले लिंकवर खर्च करावेत.

नवा लिंक घेताना वर्ग पाहावा. लहान ट्रॅक्टरच्या पहिल्या वर्गात लोअर लिंकची पिन सुमारे 22 मिलिमीटरची असते आणि दुसऱ्या वर्गात सुमारे 28 मिलिमीटरची. 50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला बहुधा दुसरा वर्ग असतो, पण जुना ट्रॅक्टर असेल तर मोजूनच घ्यावे. मोठ्या चेंडूत लहान पिन घालून तशीच चालवू नये. डावा बदलताना उजवाही सोडवून सपाट फरशीवर ठेवून पाहावा. त्याच धक्क्यात लिफ्ट रॉड, बाजूच्या साखळ्या आणि टॉप लिंकचे ब्रॅकेट यांवरही ताण गेलेला असतो.


प्रश्नकर्ते: शेतकरी, खानापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले.

बीम पोकळ चौकोनी आहे. मागच्या भागात 700 मिलिमीटर लांबीत सर्वाधिक बाक 18 मिलिमीटर भरला. तो गोलसर आहे, भिंत कुठे दबलेली किंवा चुणी पडलेली नाही. पट्ट्या ठेवून पाहिल्यावर थोडा पीळही दिसतो. दांड्याच्या ठिणग्यांना बीमच्या ठिणग्यांपेक्षा बरेच जास्त फाटे फुटतात. साचा ठेवल्यावर दांड्याची फट वरच्या बोल्टाच्या छिद्राजवळूनच सुरू होते, आणि ती जागा घासल्यावर छिद्राच्या कडेला एक बारीक रेघ दिसते, पण ती ओरखडा आहे की भेग हे कळत नाही. शिअर बोल्टाच्या डोक्यावर 10.9 असे कोरले आहे आणि त्याची जाडी 14 मिलिमीटर आहे. नांगराच्या पुस्तिकेत मात्र 12 मिलिमीटरचा 8.8 चा बोल्ट दिला आहे. पुस्तिका आधीच्या मालकाकडून आता मागवून घेतली. या बोल्टामुळेच हे झाले असावे का?


उत्तर: निवृत्त शिल्प निदेशक, सातारा

रेघेची खात्री घरीच करता येईल. ती जागा तारेच्या ब्रशने आणि सॉल्व्हंटने स्वच्छ करून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. तिच्यावर रॉकेल लावून काही वेळ मुरू द्यावे, मग फडक्याने पूर्ण पुसून त्यावर खडूची बारीक पूड पसरावी. भेग असेल तर आत शिरलेले रॉकेल पुन्हा बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. ओरखडा असेल तर पूड कोरडीच राहते. रॉकेल मिळत नसेल तर याच कामासाठी लाल रंगाचे आणि पांढऱ्या पुडीचे फवारे वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात, आणि त्यांचा निकाल अधिक स्पष्ट येतो.

फाटे अधिक फुटतात याचा अर्थ दांडा मध्यम कार्बनचा आहे. भेग निघाली तर ती वेल्डिंगने भरण्याचा विचार करू नये. छिद्राजवळची, सर्वाधिक ताणाची जागा आणि तीही मध्यम कार्बनची, म्हणजे आधी 150 ते 200 अंश तापवून, कमी हायड्रोजनचे कोरडे रॉड वापरून, सावकाश थंड करूनही त्या जोडाची हमी देता येत नाही.


उत्तर: वर्कशॉपवाले, कराड

दादा, बोल्टाविषयी आपला अंदाज बरोबर आहे. बोल्टाच्या डोक्यावरील पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की त्याची ताणातील ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. 8.8 चा बोल्ट 800 चा आणि 10.9 चा 1000 चा, म्हणजे तेवढ्याच जाडीत सव्वापट बळकट. शिवाय 12 ऐवजी 14 मिलिमीटरचा बोल्ट घातल्याने छेदाचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून अधिक वाढले. दोन्ही मिळून तो बोल्ट मूळ बोल्टाच्या सुमारे 1.7 पट बळ आल्यावरच तुटला असता. मूळ बोल्ट जिथे तुटून फाळ मागे फिरला असता, तिथे हा बोल्ट ठाम राहिला आणि ते सगळे बळ दांडा, बीम आणि लिंक यांच्यात उतरले. आधीच्या मालकाने वारंवार बोल्ट तुटण्याला कंटाळून तो घातला असावा. माळरानावर हे फार ठिकाणी दिसते आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते, कारण ज्याच्यामुळे बोल्ट तुटत होता तो धोंडा तसाच जमिनीत राहतो.

14 मिलिमीटरसाठी छिद्रे मोठी केलेली असणार. त्यात पुन्हा 12 चा बोल्ट सैल बसेल, खडखडेल आणि लवकर तुटेल. म्हणून छिद्रात बाहेरून 14 आणि आतून 12 मिलिमीटरचे बुश बसवता येते का ते लेथवाल्याला विचारावे. भिंत फक्त एक मिलिमीटरची राहते, त्यामुळे तो नाही म्हणाला तर छिद्र पूर्ण भरून नव्याने पाडावे. दांडा नवा घेणार असाल, आणि माझ्या मते घ्यावाच, तर त्याच्या बाजूचा प्रश्न आपोआप सुटतो आणि फक्त बीमवरील ब्रॅकेटची छिद्रे राहतात. रॉकेलची परीक्षा जरूर करा, पण रेघ कोरडी निघाली तरीही छिद्रापासून वाकायला सुरुवात झालेला मध्यम कार्बनचा दांडा मी माझ्या नांगरावर ठेवणार नाही.

बीम वाचतो. 700 मिलिमीटरमध्ये 18 मिलिमीटरचा गोलसर बाक प्रेसवर थंड निघेल. आधी पीळ काढून घ्यावा आणि मग बाक काढावा, कारण पिळलेला बीम प्रेसच्या आधारांवर सपाट बसत नाही आणि दाब तिरका जातो. पीळ काढताना पुढचा न वाकलेला भाग दोन ठिकाणी जखडून मागच्या टोकाला लांब दांडा बांधून वळवावा लागतो, आणि इथेही मापाआधी बळ सोडावे लागते. बाक काढल्यावर वाकलेल्या जागी पट्टी मारून मजबुती द्यावी असे कोणी सुचवेल. द्यायचीच असेल तर पट्टीची दोन्ही टोके निमुळती कापावीत आणि वेल्डिंग फक्त बीमच्या लांबीच्या दिशेने करावे. बीमवर आडवे वेल्डिंग केल्यास ती रेघच पुढे भेगेची सुरुवात ठरते. 18 मिलिमीटरच्या बाकाला मी स्वतः पट्टी मारणार नाही. वेल्डिंगचे कोणतेही काम नांगर ट्रॅक्टरपासून सोडवलेला असतानाच करावे, आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ लावावा, नाहीतर करंट पलटी शाफ्टच्या बेअरिंगमधून जाऊन ती खराब होतात.

पलटी शाफ्ट स्वतः सरळ आहे का हे बीम बसवल्यावर कळेल. ट्रॅक्टरला जोडून, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, नांगर सावकाश दोन्हीकडे पलटवावा. तो एका ठरावीक जागी अडखळत असेल, किंवा एका बाजूला जाताना सहज आणि परत येताना जड वाटत असेल, तर शाफ्ट किंवा सिलेंडरचा रॉड वाकला आहे असे समजावे. हे दोन्ही भाग सरळ करण्याचे नाहीत.

शेवटी शेतातली जुळणी. नव्या दांड्यासह चारही फाळांची मापे पुन्हा घेऊन दोन्ही बाजू जुळवाव्यात, मग आधी नांगरलेल्या मऊ पट्टीत कमी खोलीवर नांगर चालवून एकदा उजव्या आणि एकदा डाव्या संचाचा तास मोजावा. दोन्ही तासांची रुंदी आणि खोली सारखी आली आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढत नसेल, तर काम झाले. तासाभराने थांबून सगळे नट पुन्हा आवळावेत, कारण नव्या आणि सरळ केलेल्या भागांचे बोल्ट पहिल्या कामात बसतात आणि सैल होतात. माळाच्या पट्टीत शिरण्याआधी लोखंडी पहार घेऊन धोंड्यांच्या जागा ठोकून पाहाव्यात, खुणेच्या काठ्या रोवाव्यात आणि मोठे धोंडे यंत्राने काढून घ्यावेत. ते होईपर्यंत खालचा गिअर ठेवावा, आणि 12 मिलिमीटरचे 8.8 चे जास्तीचे बोल्ट ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावेत.